उद्यानाचं हवामान-उद्दिष्ट: रोपांपेक्षा सावली आणि पाणी मोजा

शहरातल्या एखाद्या सार्वजनिक उद्यानाचा हवामान कृती आराखडा जाहीर होतो, तेव्हा त्यात बहुतेक वेळा सगळ्यात आधी झाडं लावण्याचा आकडा येतो. अमुक सालापर्यंत इतकी हजार रोपं. आकडा मोठा दिसतो, फोटो चांगले येतात आणि वाचणाऱ्याला वाटतं, झाडं कार्बन शोषतात म्हणजे काम झालं. माझ्या मते उद्यानाच्या बाबतीत सगळ्यात कमी उपयोगाचा आकडा हाच आहे. बदलत्या हवामानात उद्यान काय करू शकतं आणि काय करू शकत नाही, हे एकदा नीट कळलं की कुठलं उद्दिष्ट कामाचं आणि कुठलं दिखाऊ, हे कुणालाही ओळखता येतं. त्यासाठी थोडं गणित करावं लागेल, पण ते शाळेतलंच आहे.

एका झाडाचा हिशेब

लाकडातलं पाणी पूर्ण काढून टाकलं, तर उरलेल्या कोरड्या वजनाचा साधारण निम्मा भाग कार्बन असतो. हा कार्बन झाडाने हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून घेतलेला असतो. १२ किलो कार्बन मिळवायला ४४ किलो कार्बन डायऑक्साइड लागतो, कारण त्यात ऑक्सिजनचंही वजन आहे. आता खोड, फांद्या आणि मुळं मिळून १ टन कोरडं वजन भरेल असं एक मोठं झाड घेऊ. त्यात कार्बन झाला सुमारे ५०० किलो, म्हणजे हवेतून उचललेला कार्बन डायऑक्साइड सुमारे १,८०० किलो. एवढं वाढायला झाडाला काही दशकं लागतात.

दुसऱ्या बाजूला, १ लिटर पेट्रोल जळालं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे त्या झाडाने आयुष्यभरात साठवलेलं सगळं ८०० लिटरच्या आत पेट्रोल जाळून संपतं. रोज वापरात असलेली एक मोटार तेवढं पेट्रोल वर्ष-दीड वर्षात सहज पिते. शिवाय झाड मेलं, कुजलं किंवा जाळलं गेलं की साठवलेल्यातला बराचसा कार्बन परत हवेत जातो.

यावरून झाडं निरुपयोगी ठरत नाहीत. शहराच्या गाड्यांचा, विजेचा आणि बांधकामाचा धूर उद्यानातली झाडं पुसून टाकतील ही अपेक्षा मात्र चुकीची ठरते. झाडांना न झेपणारं काम दिलं की जे काम ती खरोखर उत्तम करतात, त्याकडे दुर्लक्ष होतं. ते काम म्हणजे उन्हापासून आडोसा देणं आणि पावसाचं पाणी जमिनीत नेणं. त्याकडे येतोच, पण आधी उद्यान स्वतः किती प्रदूषण करतं ते पाहू. हिरवं दिसणारं सगळं स्वच्छ नसतं.

उद्यानाचा स्वतःचा धूर

जगाची तापमानवाढ आवरण्यासाठी देशांमधला पॅरिस करार २०१५ साली झाला. पुढे २०१८ साली संयुक्त राष्ट्रांच्या आयपीसीसी या शास्त्रज्ञांच्या मंडळाने सांगितलं, की तापमानवाढ १.५ अंशांवर रोखायची असेल तर जगाचं कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन २०१० च्या तुलनेत २०३० पर्यंत सुमारे ४५ टक्क्यांनी उतरायला हवं आणि २०५० च्या आसपास नेट झिरोवर यायला हवं. नेट झिरो म्हणजे जेवढं सोडतो तेवढं काढूनही घेतो, शिल्लक शून्य. अनेक शहरांनी हे उद्दिष्ट उचललं आणि त्यातला छोटासा वाटा उद्यान विभागाकडे आला.

हिशेब मांडायची रूढ पद्धत तीन कप्प्यांची आहे. ग्रीनहाऊस गॅस प्रोटोकॉल या नियमावलीत त्यांना स्कोप १, २ आणि ३ म्हणतात. उद्यानाने स्वतः जाळलेलं इंधन पहिल्या कप्प्यात जातं: गवत कापायची यंत्रं, पाला उडवायचे ब्लोअर, फांद्या वाहणारे ट्रॅक्टर, जनरेटर. विकत घेतलेली वीज दुसऱ्यात जाते: पाण्याचे पंप, कारंजी, दिवे. बाकी सगळं तिसऱ्यात: सिमेंट, पेव्हर ब्लॉक, नर्सरीतून आलेली रोपं आणि माती, कचरा, लोकांचा येण्याजाण्याचा प्रवास.

इथे एक पळवाट आहे, ती वाचकाने ओळखायला हवी. गवत कापायचं काम ठेकेदाराला दिलं की त्या यंत्रांचा धूर पहिल्या कप्प्यातून तिसऱ्यात जातो. अहवालात पहिला कप्पा एकदम आटतो, हवेत मात्र तसूभर फरक पडत नाही. म्हणून 'आमचं स्वतःचं उत्सर्जन निम्म्यावर आलं' असं कुणी सांगितलं, तर पहिला प्रश्न हा विचारायचा, की मधल्या काळात कुठली कामं बाहेर दिली?

छोट्या पेट्रोल इंजिनांकडे विशेष लक्ष द्यावं लागतं. टू-स्ट्रोक इंजिनात तेल मिसळलेलं पेट्रोल जातं आणि त्यातला काही भाग न जळताच धुराबरोबर बाहेर पडतो. तो धूर सगळ्यात जवळून घेतो तो यंत्र खांद्यावर धरलेला माळी. अमेरिकेत वॉशिंग्टन डी.सी. शहराने पेट्रोलवर चालणारे ब्लोअर १ जानेवारी २०२२ पासून बंद केले. कॅलिफोर्नियात अशा बहुतेक छोट्या यंत्रांच्या नव्या विक्रीवर २०२४ पासून निर्बंध आले. बॅटरीची यंत्रं आणायची तर चार्जिंगची जागा, जादा बॅटऱ्या आणि दुरुस्ती येणारा माणूस या तीन गोष्टींची सोय आधी करावी लागते. ती नसली की नवी यंत्रं गोदामात पडून राहतात आणि जुनी पुन्हा बाहेर येतात.

नत्रयुक्त रासायनिक खताचाही हिशेबात समावेश हवा. जमिनीत पडलेल्या नत्राचा थोडा भाग नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो, आणि १०० वर्षांचा काळ धरला तर हा वायू कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २७० पट उष्णता अडकवतो. हिरवळ गर्द दिसावी म्हणून टाकलेलं जादा खत असं महागात पडतं.

पण सगळ्यात मोठा आकडा बहुधा 'सुशोभीकरण' या शीर्षकाखाली लपलेला असतो. सिमेंट करताना भट्टीसाठी इंधन तर जळतंच, शिवाय चुनखडी तापवली की तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो. म्हणजे भट्टी उद्या संपूर्ण स्वच्छ विजेवर चालली तरी हा दुसरा भाग उरतो. चांगली वाट उखडून नवी घालणं, ओटे पाडून पुन्हा बांधणं, दर काही वर्षांनी प्रवेशद्वार बदलणं, यात जे जातं ते भरून काढायला शेकडो रोपांना दशकं लागतील. उद्यानाच्या आराखड्यात 'जे आहे ते दुरुस्त करू, पाडणार नाही' असं एक वाक्य असलं तर मी त्याला दहा हजार रोपांच्या घोषणेपेक्षा जास्त किंमत देईन.

पालापाचोळा

यावर थोडं थांबू, कारण इथे पैसा कमी लागतो आणि फरक लगेच दिसतो. गळलेली पानं आणि कापलेलं गवत उद्यानाबाहेर नेलं की वाहतुकीचं डिझेल जळतं. ते कचराभूमीत इतर कचऱ्याखाली दबलं की हवा न मिळता कुजतं आणि त्यातून मिथेन निघतो. मिथेन १०० वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवणारा वायू आहे. जाळलं तर धूर आसपासच्यांच्या छातीत जातो. आणि दोन्ही प्रकारांत जे अन्न त्या जमिनीतून आलं ते जमिनीला परत मिळत नाही, मग खत विकत आणावं लागतं.

जागेवरच कंपोस्ट करायचं तर एक प्रमाण सांभाळावं लागतं. कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्राच्या २५ ते ३० पट कार्बन लागतो. वाळक्या पानांत कार्बन फार, नत्र कमी; ताज्या कापलेल्या गवतात नत्र भरपूर. नुसती पानं रचली तर ढीग महिनोन्महिने तसाच राहतो, नुसतं गवत रचलं तर त्याचा चिकट लगदा होऊन घाण वास सुटतो. दोन्हींचे थर आलटून पालटून घातले, ओल राखली आणि ढीग अधूनमधून उलटला, की आतलं तापमान ५५ अंशांच्या वर जातं. तणांचं बरंच बी त्या उष्णतेत मरतं. ओल बरोबर आहे का हे पाहायला माळी मूठभर माल घट्ट दाबून बघतात: बोटांमधून एखाद-दोन थेंब यावेत, धार लागू नये. अमोनियाचा वास आला तर वाळका पाला कमी पडलाय. नासल्याचा वास आला तर हवा पोहोचत नाहीये, ढीग उलटायला हवा.

सगळा पाला ढिगात न्यायची गरजही नाही. झाडाखाली पडलेला पाला तिथेच राहू दिला, फक्त बुंध्याला चिकटू दिला नाही, तर त्याचं आच्छादन होतं. ओल टिकते, माती तापत नाही, गांडुळं येतात. 'स्वच्छ' दिसावं म्हणून झाडाखालची माती रोज झाडून लख्ख करणं ही सवय मोडणं अवघड जातं, कारण लोकच तक्रार करतात. म्हणून तिथे दोन ओळींची पाटी लावणं हाही हवामान-कृतीचाच भाग आहे.

ऊन

शहरं भोवतालच्या प्रदेशापेक्षा गरम राहतात, कारण डांबर आणि काँक्रीट दिवसभर उष्णता पितात आणि रात्री सोडतात. कडक उन्हात डांबराचा पृष्ठभाग ६० अंशांपर्यंत तापू शकतो. झाड इथे दोन वेगळी कामं करतं आणि ती वेगळी समजून घेतली पाहिजेत.

पहिलं काम सावलीचं. गंमत अशी, की झाडाखाली आणि उन्हात थर्मामीटरने नुसत्या हवेचं तापमान मोजलं, तर फरक बऱ्याचदा एक-दोन अंशांचाच निघतो. तरी अंगाला जमीन-अस्मानाचा फरक जाणवतो. कारण उन्हात उभ्या माणसावर थेट सूर्याची किरणं पडतात, आणि तापलेली जमीन व भिंतीही उष्णता फेकत असतात. सावली हे दोन्ही तोडते. म्हणून उद्यानाचा परिणाम हवेच्या तापमानावरून मोजला तर तो कमी दिसतो. मोजायचं ते दुपारी वाटेवर, बाकावर आणि खेळाच्या जागेवर सावली किती, हे.

दुसरं काम बाष्पाचं. पानांवरच्या सूक्ष्म पर्णरंध्रांतून पाणी वाफ होऊन जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. १ लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ०.६८ युनिट विजेइतकी ऊर्जा लागते. एखाद्या मोठ्या झाडाने दिवसात १०० लिटर पाणी सोडलं, तर ६८ युनिट उष्णता अशी वापरली गेली. मात्र हे मुळांना पाणी मिळतं तोपर्यंतच. माती कोरडी पडली की झाड स्वतःला वाचवायला पर्णरंध्रं मिटून घेतं. सावली राहते, थंडावा देणारी वाफ थांबते, आणि नेमकं हे उष्णतेच्या लाटेत, सगळ्यात गरज असताना घडतं. त्यामुळे उन्हाचं उद्दिष्ट आणि पाण्याचं उद्दिष्ट वेगळ्या फायलींत ठेवून चालत नाही.

सगळीकडे दाट झाडीच हवी असंही नाही. मोकळी हिरवळ रात्री आकाशाकडे उष्णता लवकर सोडते, तर दाट छत्राखाली ती अडकून राहते. लोक बसतात, खेळतात तिथे हिरवळ ठेवावी. ज्या पट्ट्यावर कुणी पाऊलही ठेवत नाही, तिथे रोज पाणी पाजून, आठवड्याला कापून हिरवळ सांभाळायचं कारण मला दिसत नाही. १,००० चौरस मीटर हिरवळीला दिवसाला ५ मिलिमीटर पाणी म्हणजे ५,००० लिटर. तिथे झुडपं आणि उंच गवत लावलं तर पाणी वाचतं, यंत्र कमी फिरतं आणि फुलपाखरं, मधमाश्या येतात.

पाऊस

१ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. त्या हिशेबाने ५० मिलिमीटरच्या एका सरीत १ एकर जागेवर सुमारे २ लाख लिटर पाणी पडतं. १० एकरांच्या उद्यानात २० लाख. हे पाणी मातीत मुरलं तर झाडांना पुढे कामी येतं. वाहून गेलं तर त्याच वेळी भरलेल्या गटारात जाऊन खालच्या वस्तीत तुंबतं.

मातीत फटी आणि पोकळ्या असतील तर ती स्पंजसारखी पाणी धरते. गर्दीच्या पायांनी, गाड्यांनी, मंडपांनी आणि बांधकामाच्या साहित्याने ती दाबली गेली की हिरवळ असूनही पाणी वरून निसटतं. म्हणजे नकाशावरचं हिरवं क्षेत्र आणि पाणी पिणारं क्षेत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तपासणी अगदी सोपी आहे. दोन्ही बाजूंनी उघडा पत्र्याचा डबा काही सेंटिमीटर जमिनीत ठोकायचा, आत पट्टी उभी करायची, पाणी ओतायचं आणि पातळी उतरायला किती वेळ लागतो ते बघायचं. झाडाखालच्या पाला असलेल्या मातीत आणि तुडवल्या गेलेल्या वाटेच्या कडेला ही तपासणी करून पाहिली, की माती का वाचवायची हे वेगळं सांगावं लागत नाही.

काही शहरांनी उद्यानाचा पुराविरुद्ध थेट उपयोग केला आहे. कोपनहेगनमध्ये २ जुलै २०११ रोजी काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला आणि मोठं नुकसान झालं. त्यानंतर शहराने जी कामं काढली, त्यांत एंगहेवेपार्कन हे जुनं उद्यान होतं. २०१९ मध्ये ते नव्या रूपात तयार झालं. अतिवृष्टीत ते सुमारे २२,६०० घनमीटर, म्हणजे २ कोटी २६ लाख लिटर पाणी तात्पुरतं साठवू शकतं. एरवी तिथे लोक खेळतात, बसतात. सिंगापूरच्या बिशान-आंग मो किओ उद्यानात २.७ किलोमीटरचा सरळ काँक्रीट कालवा काढून तिथे ३.२ किलोमीटरची वळणावळणाची नदी वाहू दिली. २०१२ मध्ये ते खुलं झालं. जोराच्या पावसात नदी पसरते, लोकांना वर जायची सूचना मिळते आणि नंतर काठ पुन्हा मोकळा होतो.

एवढा खर्च प्रत्येकाला जमणार नाही, जमायची गरजही नाही. वाटेचा उतार गटाराऐवजी झाडांच्या आळ्यांकडे वळवणं, कडेला उथळ चर काढून त्यात पाणी सहन करणारी झाडं लावणं, बुंध्याभोवतीचं सिमेंट फोडून माती मोकळी करणं, हे कुठल्याही उद्यानाला करता येतं. कोरड्या दिवसांत प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरता येतं. फक्त त्यातल्या क्षारांवर लक्ष ठेवावं लागतं, नाहीतर काही वर्षांत मातीच बिघडते.

लावलेलं झाड जगलं का?

रोप जगवण्यातली सगळी मेहनत पहिल्या दोन-तीन वर्षांत असते आणि आराखड्यातला पैसा बहुतेक पहिल्या दिवशीच संपतो. झाडाची बहुतांश मुळं वरच्या साधारण ६० सेंटिमीटर मातीत आडवी पसरतात. हे माहीत नसल्याने वाट रुंद करताना किंवा केबल टाकताना चर खणला जातो, मुळं कापली जातात आणि झाड काही वर्षांनी वादळात पडतं. तोवर चर कुणी खणला हे कुणाच्या लक्षात नसतं. जुनं, भरदार झाड वाचवणं हे नवीन लावण्यापेक्षा कितीतरी वरचं उद्दिष्ट आहे, कारण त्याची सावली आज मिळते.

जातींचं वैविध्य राखण्यासाठी फ्रँक सँटामूर या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९९० मध्ये एक ढोबळ नियम मांडला: एकाच जातीची १० टक्क्यांहून, एकाच प्रजातीगटातली (म्हणजे जवळच्या जातींच्या गटातली) २० टक्क्यांहून आणि एकाच कुळातली ३० टक्क्यांहून जास्त झाडं नकोत. यामागे कटू अनुभव होता. विसाव्या शतकात डच एल्म रोगाने युरोप-अमेरिकेतल्या शहरांतली एल्मची झाडं मोठ्या प्रमाणावर मारली, आणि रस्तेच्या रस्ते उघडे पडले. उष्ण होत जाणाऱ्या हवामानात नव्या किडी येणार, हे धरूनच यादी करायला हवी.

कुणाला पोहोचतं?

संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत ११.७ हे लक्ष्य आहे: २०३० पर्यंत सर्वांना, विशेषतः स्त्रिया, मुलं, वृद्ध आणि अपंग व्यक्तींना, सुरक्षित हिरव्या जागा मिळाव्यात. नेदरलँड्समधले तज्ज्ञ सेसिल कोनाइनेंडाइक यांचा ३-३०-३०० हा नियमही यातलाच: घरातून ३ झाडं दिसावीत, वस्तीच्या ३० टक्के भागावर वृक्षछत्र, म्हणजे झाडांच्या फांद्या-पानांचं आच्छादन, असावं, आणि ३०० मीटरच्या आत उद्यान असावं.

हे ३०० मीटर नकाशावर सरळ रेषेत मोजले जातात आणि तिथेच गफलत होते. कुंपण घराला लागून असलं तरी फाटक पलीकडच्या बाजूला असलं, तर आजीला अर्धा किलोमीटर वळसा पडतो. आणि फाटक भर दुपारी बंद असेल, तर ज्या तासांसाठी सावली वाढवली त्याच तासांना ती कुणालाच मिळत नाही. बाहेर उन्हात काम करणाऱ्याला तेव्हाच बसायला जागा आणि प्यायला पाणी लागतं. उष्णतेच्या लाटेत उद्यान दिवसभर उघडं ठेवणं ही मला सगळ्यात स्वस्त हवामान-कृती वाटते.

उद्दिष्ट लिहायचं कसं

'उद्यान अधिक शाश्वत करू' हे उद्दिष्ट नव्हे, कारण ते चुकलं हे कधीच सिद्ध करता येत नाही. त्याऐवजी उदाहरणार्थ असं लिहावं: लावलेल्या रोपांपैकी ८० टक्के तिसऱ्या वर्षाअखेर जिवंत असतील; मुख्य वाटांच्या निम्म्या लांबीवर दुपारी सावली असेल; पिण्यायोग्य पाण्याचा बागेसाठीचा वापर आधारवर्षाच्या (तुलनेसाठी धरलेल्या सुरुवातीच्या वर्षाच्या) निम्म्यावर येईल; पालापाचोळ्याचा एकही ट्रक बाहेर जाणार नाही. प्रत्येकापुढे साल, मोजणारी व्यक्ती आणि देखभालीची तरतूद. माळ्यांना विचारून हे आकडे ठरवले तर ते पाळले जाण्याची शक्यता वाढते, कारण कुठल्या कोपऱ्यात पाणी साचतं आणि कुठलं रोप दरवर्षी मरतं हे त्यांनाच माहीत असतं.

नागरिक म्हणून विचारायला गेलात तर तीन गोष्टी मागा: मागच्या तीन वर्षांत लावलेल्या रोपांची आज जिवंत असलेली संख्या, पाणी आणि विजेच्या मीटरची महिनावार नोंद, आणि इंधन खरेदीची नोंद, ठेकेदाराच्या इंधनासह. यातून आधारवर्षाचा आकडा निघतो. पुष्कळ ठिकाणी पाण्याला मीटरच नसतो. तसं असेल तर पहिल्या वर्षाचं काम मीटर बसवून बारा महिन्यांची नोंद ठेवणं हेच आहे; कपातीचा टक्का त्यानंतर ठरवावा.